रेंज कुठे जाते: वेग, ब्रेक आणि एसीचा हिशेब

५८५, ५०२ आणि ४०० ते ४२५. हे सगळे आकडे किलोमीटरचे आहेत, सगळे एकाच गाडीचे आहेत आणि बॅटरीही एकच आहे, ५५ युनिटची. २०२४ मध्ये आलेल्या टाटा कर्व्ह ईव्हीच्या मोठ्या बॅटरीच्या मॉडेलची ही रेंज. पहिला आकडा सरकारी चाचणीच्या फक्त शहरी भागाचा. दुसरा शहर आणि महामार्ग असे दोन्ही भाग धरून आलेला. तिसरा कंपनीने स्वतःच दिलेला अंदाज, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना रस्त्यावर मिळेल असा.

पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात दीडशेहून जास्त किलोमीटरचा फरक आहे. त्यामागे लबाडी शोधण्यापेक्षा चाचणी कशी होते ते पाहिलेले बरे. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही अशा चाचण्यांसाठीची आपल्याकडची सर्वांत ओळखीची संस्था. म्हणून लोक या आकड्याला सरसकट ‘एआरएआय रेंज’ म्हणतात. चाचणीत गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या क्रमाने चालवली जाते. शहरी भागात १९५ सेकंदांचा एक फेरा चार वेळा होतो. त्यातला कमाल वेग ताशी ५० किलोमीटर आणि सरासरी १९ च्या आत. महामार्गाचा भाग ४०० सेकंदांचा, कमाल वेग ९०. सगळे मिळून ११८० सेकंद, साडेदहा किलोमीटरांच्या थोडे वर अंतर आणि सरासरी वेग ताशी ३२-३३. एसी बंद. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी ३२ ने चालणारी मोटार दिसली तर लोक ती बिघडली आहे असे समजतील.

अमेरिकेतही प्रयोगशाळेतला आकडा जसाच्या तसा छापत नाहीत. तिथली पर्यावरण संस्था तो साधारणपणे ०.७ ने गुणते आणि मगच गाडीवर चिकटवते. तिथली चाचणी वेगळी आहे, पण गंमत म्हणून ५८५ ला ०.७ ने गुणून पाहा. उत्तर ४०९ येते, कंपनीच्या अंदाजाच्या जवळजवळ मध्यावर.

उरतो तो प्रश्न चालवणाऱ्याचा. हे तीस टक्के नेमके कोणत्या सवयीत जातात? यावर सल्ले ढीगभर मिळतात: एसी कमी लावा, एक्सलरेटर हळू दाबा, टायरमध्ये हवा भरा, ईको मोड ठेवा. सगळे सल्ले एकाच सुरात दिले जातात, जणू सगळ्यांचे वजन सारखेच. ते सारखे नाही. काही सवयी साठ-सत्तर किलोमीटर खातात, तर काही पाचसुद्धा नाही.

हिशेबाची गाडी

वजन करायचे तर आधी गाडी ठरवावी लागेल. ती कोणा एका कंपनीची नसून आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसणाऱ्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीसारखी आहे. माणसांसह वजन १६०० किलो. वापरता येईल अशी बॅटरी ४० युनिट, म्हणजे ४०,००० वॉट-तास. टायरचा रोध वजनाच्या १ टक्का. हवेला आडवे येणारे प्रभावी क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर. बॅटरीतून निघालेल्या विजेपैकी ८५ टक्के चाकापर्यंत पोचते. एसी, पंखे, दिवे आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून १ किलोवॉट. रस्ता सपाट, वारा पडलेला, वेग स्थिर. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे असतील आणि उत्तरही थोडे वेगळे येईल. सवयींचा क्रम मात्र फारसा हलणार नाही.

दर किलोमीटरला बॅटरीतून किती वॉट-तास जातात, ते असे:

| वेग (ताशी किमी) | हवा | टायर | एसी व इतर | एकूण | ४० युनिटांत अंतर |
|---|---|---|---|---|---|
| ४० | १९ | ५१ | २५ | ९५ | ४२१ किमी |
| ६० | ४२ | ५१ | १७ | ११० | ३६४ किमी |
| ८० | ७४ | ५१ | १३ | १३८ | २९० किमी |
| १०० | ११६ | ५१ | १० | १७७ | २२६ किमी |
| १२० | १६७ | ५१ | ८ | २२६ | १७७ किमी |

तक्ता उभा वाचला की तीन स्तंभ तीन तऱ्हेने वागताना दिसतात. टायरचा खर्च जागचा हलत नाही. एसीचा खर्च वेगाबरोबर घटतो, कारण तेवढाच किलोमीटर लवकर उरकतो. हवेचा खर्च मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट. ताशी ४० ला हवा एकूण खर्चाचा पाचवा हिस्सा घेते. १२० ला जवळजवळ तीन-चतुर्थांश.

८० वरून १०० वर गेलात की ६४ किलोमीटर गेले. १०० वरून १२० वर गेलात की आणखी ४९. पुढच्या सगळ्या सवयी या ६४ च्या आकड्याशी ताडून पाहायच्या.

पेट्रोलच्या गाडीत हे का जाणवत नाही

हवा पेट्रोलच्या गाडीलाही तितकीच अडवते. तरीही वर्षानुवर्षे पेट्रोलची गाडी चालवलेल्या माणसाचा अनुभव उलटा असतो. त्याला शहरात ॲव्हरेज कमी मिळते आणि गाडीला हायवे मानवतो.

याचे उत्तर टाकीत आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. म्हणजे आपली ४० युनिटांची बॅटरी साडेचार लिटर पेट्रोलइतकी. तेवढ्या ‘पेट्रोल’वर ही गाडी तीनशे-चारशे किलोमीटर जाते, कारण ती फार थोडी ऊर्जा वाया घालवते. पेट्रोलचे इंजिन तीन-चतुर्थांशाच्या आसपास ऊर्जा उष्णतेत घालवते आणि मंद चालीत, सिग्नलवर उभे असताना तर आणखी. हायवेवर इंजिनाला जरा भार मिळाला की त्याची कार्यक्षमता सुधारते आणि हवेने मागितलेला जादा खर्च त्या सुधारणेत झाकला जातो. विजेच्या गाडीत झाकायला काही उरलेलेच नाही. पायाने केलेला प्रत्येक खर्च थेट मीटरवर उमटतो.

म्हणून पेट्रोलच्या गाडीवरून आलेला माणूस पहिल्याच लांबच्या प्रवासात गोंधळतो. शहरात गाडी उत्तम रेंज देते आणि मोकळ्या रस्त्यावर, जिथे ती जास्त मिळायला हवी होती, तिथे आटते.

समृद्धीवर १२० ने जाऊन काय मिळते?

वेग कमी करा हा सल्ला देणे सोपे आहे, पण माणूस वेगाने जातो तो वेळ वाचवायला. तेव्हा हिशेब किलोमीटरात न करता मिनिटांत करायला हवा. त्यासाठी समृद्धी महामार्गाइतकी चांगली जागा नाही. ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झालेला, मोटारींना वेगमर्यादा १२०.

आपली गाडी पूर्ण चार्ज करून निघाली. वाटेत १० टक्क्यांवर आली की थांबायचे, ८० टक्क्यांपर्यंत भरायचे आणि नागपुरात १० टक्के शिल्लक ठेवून पोचायचे. दर थांब्याला चार्जर गाठणे, लावणे, पैसे भरणे यात १० मिनिटे धरू. रांग नाही असे मानू.

१२० ने गेलात तर चाकावर ३५० मिनिटे. लागणारी वीज १५८ युनिट, त्यातली १२२ वाटेत भरायची, थांबे ५. १०० ने गेलात तर ४२१ मिनिटे, वाटेत ८८ युनिट, थांबे ४. ८० ने गेलात तर ५२६ मिनिटे, वाटेत ६१ युनिट, थांबे ३.

चार्जर सरासरी ५० किलोवॉट देत असेल तर एकूण प्रवास असा: १२० ने ९ तास ६ मिनिटे, १०० ने ९ तास २७ मिनिटे, ८० ने १० तास २९ मिनिटे. चाकावर वाचलेल्या ७१ मिनिटांपैकी ५० मिनिटे चार्जरने परत घेतली. हातात पडली ती २१.

आता चार्जर सरासरी ३० किलोवॉटच देतो असे धरा. मशीन जुने असेल, दोन गाड्यांत वीज विभागली जात असेल किंवा बॅटरी तापलेली असेल, तर हे सहज घडते. मग १२० ने १० तास ४४ मिनिटे, १०० ने १० तास ३७ मिनिटे आणि ८० ने ११ तास १८ मिनिटे. म्हणजे १२० ने जाणारा १०० ने जाणाऱ्याच्या मागून पोचतो, वर एक थांबा आणि ३४ युनिट विजेचे पैसे जास्त देतो. सार्वजनिक चार्जरवर युनिटला २० रुपये धरले तर ६८० रुपये.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. ८० ने जाणे कोणत्याच हिशेबात वेळ वाचवत नाही. ‘जितके हळू तितके चांगले’ हे रेंजबाबत खरे आहे, प्रवासाबाबत नाही. अशा गाडीला लांब पल्ल्यावर ९० ते १०० चा पट्टा सगळ्यात फायद्याचा. त्याखाली उतरायचे ते फक्त पुढचा चार्जर आवाक्यात राहत नसेल तेव्हा. आणि तेव्हा मात्र हे हत्यार हमखास चालते. ६० किलोमीटर जायचे आहे आणि बॅटरीत ९ युनिट आहेत, तर १०० च्या वेगाने तुम्ही ५१ व्या किलोमीटरला उभे राहाल. ८० ने ६५ जाल.

बोरघाट: उसने दिलेली वीज

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या नव्या मालकाला धडकी भरते ती बोरघाटात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि ही उंची बहुतेक सगळी घाटातच चढावी लागते. १६०० किलो ५५० मीटर वर उचलायला २.४ युनिट लागतात. बॅटरीतून जातात २.८, म्हणजे ७ टक्के. चढण १३ किलोमीटरची आणि वेग ६० धरला, तर त्या टप्प्यात किलोमीटरमागे ३२७ वॉट-तास जातात. याच दराने सगळा प्रवास झाला तर रेंज १२२ किलोमीटर भरेल. डॅशबोर्डवरचा अंदाज अलीकडच्या खर्चावर बेतलेला असतो, म्हणून तो घाटात भराभर खाली येतो आणि गाडीत बसलेल्यांचे चेहरेही.

उतरताना हिशेब फिरतो. तेच २.४ युनिट आता गाडीला ढकलतात. त्यातले सुमारे एक युनिट हवा आणि टायर घेतात. उरलेल्याचे मोटर जनित्र बनून विजेत रूपांतर करते आणि चाकावरच्या ऊर्जेतले साधारण ७० टक्के बॅटरीत पोचते असे धरले, तर एसीचा खर्च वजा जाता पाऊण युनिट परत जमा होते. वर आणि खाली मिळून २६ किलोमीटरला साडेतीन युनिट, सरासरी १३५ वॉट-तास. सपाटीवर याच वेगाने ११० लागले असते. घाट महाग आहे, पण चढताना वाटतो तेवढा नाही.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. पहिली, मुंबई-पुणे आणि पुणे-मुंबई हे बॅटरीच्या दृष्टीने वेगवेगळे प्रवास आहेत. दोन्हींत सुमारे ५ युनिटांचा फरक पडतो, म्हणजे बॅटरीचा आठवा भाग. पुण्याहून जेमतेम पोचलेला माणूस त्याच हिशेबाने परत निघाला तर अडकेल. दुसरी, भरलेल्या बॅटरीत वीज परत घेता येत नाही. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. तिथल्या हॉटेलात रात्रभर लावून १०० टक्के भरलेली गाडी सकाळी घाट उतरू लागली की बॅटरी परतावा नाकारते, मोटरची ओढ नाहीशी होते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. डोंगरावरून उतरायचे असेल तर ८५-९० टक्क्यांवर थांबावे. वीजही वाचते आणि ब्रेकही तापत नाहीत.

शहरात: एक्सलरेटर निर्दोष, ब्रेक आरोपी

शहरात हवेचा प्रश्न उरत नाही. तिथे वीज जाते ती गाडीला गती देण्यात आणि ती गती मारण्यात.

१६०० किलोच्या गाडीत ताशी ५० च्या वेगाला ४३ वॉट-तास साठलेले असतात. तिथवर पोचायला बॅटरीतून ५० जातात. थांबताना मोटरने वीज परत घेतली तर ३० परत येतात आणि एका थांब्याचा तोटा २० वॉट-तास. तीच गाडी केवळ चकत्यांच्या ब्रेकने थांबवली तर ५० च्या ५० गेले. किलोमीटरमागे दोन थांबे धरा. वर तक्त्यात दाखवलेल्या ४० च्या चालीच्या ९५ मध्ये एकाला ४० मिळवायचे, दुसऱ्याला १००. रेंज एकाची २९६ किलोमीटर, दुसऱ्याची २०५. खरा माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो, पण अंतर ९१ किलोमीटरचे आहे. ८० आणि १०० मधल्या फरकापेक्षाही मोठे.

मग गाडी परतावा कधी घेते आणि कधी नाही? प्रश्न ब्रेक किती जोरात लागतो याचा आहे. ताशी ६० वरून सावकाश थांबलात, साधारण ९० मीटरांत आणि ११ सेकंदांत, तर सुरुवातीला ४० किलोवॉट परत येऊ पाहतात. मध्यम गाडीची मोटर आणि बॅटरी हे बऱ्याच अंशी पचवते. त्याच वेगावरून ३५ मीटरांत, ४ सेकंदांत थांबलात तर तो आकडा १०७ किलोवॉट होतो. तेवढे घेण्याची तिची ऐपत नसते. वरचे सगळे चकत्यांच्या उष्णतेत जाते.

परतावा फुकट आहे असेही समजू नये. बॅटरीतून चाकावर जाताना १५ टक्के आणि चाकावरून बॅटरीत येताना ३० टक्के जातात. १०० पैसे काढून परत भरले तर ६० हाती येतात. म्हणून वीज परत घेणारा (रीजेन) ब्रेक चांगला मारण्यापेक्षा ब्रेकची गरजच न पडू देणे स्वस्त. दोनशे मीटरवर लाल सिग्नल दिसत असताना पाय आधीच हलका केला आणि दोनातला एक थांबा वाचवला, तर तीच शहरातली रेंज २९६ वरून ३४८ होते.

आता एक्सलरेटरकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त बोलणी त्याला बसतात. जोरात दाबल्याने वीज जाते हे खरे आहे. प्रवाह तिप्पट झाला की तारांत आणि बॅटरीत उष्णता नऊपट निर्माण होते. पण ती तिसऱ्या हिश्श्याच्या वेळात, म्हणजे प्रत्यक्ष तोटा तिप्पट. ३२० व्होल्टची बॅटरी आणि तिचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरून पाहू. ताशी ६० च्या वेगाला गाडीत साठतात ६२ वॉट-तास. ३० किलोवॉटने सावकाश गेलात तर त्यावर ३ टक्के जातात, ९० किलोवॉटने झेपावलात तर ९ टक्के. फरक किती? तीन ते चार वॉट-तास. तेवढ्यात गाडी वीस मीटर जाईल, पण शंभर मीटर जाणार नाही.

ज्या सिग्नलवर पुन्हा थांबायचेच आहे, तिथवर ६० ऐवजी ७० ने गेलात तर २२ वॉट-तास जास्त साठवले आणि परतावा वजा जाता सुमारे १० गमावले. म्हणजे जोरात उचलण्यापेक्षा नको तेवढे उचलणे तिप्पट महाग. ईको मोडमुळे रेंज वाढते तीही बहुतेक याच वाटेने. तो पायाला आळशी करतो आणि एसीला आवरतो. हवा आणि टायर यांना त्याचा पत्ताही नसतो.

एसी तासाचे पैसे घेतो

एसीचा खर्च रिक्षाच्या वेटिंग चार्जसारखा आहे. गाडी चालो वा न चालो, तो वेळेवर आकारला जातो. द्रुतगती मार्गावर १०० च्या वेगाला एसी आणि इतर उपकरणे मिळून किलोमीटरमागे १० वॉट-तास घेतात, एकूण खर्चाच्या ६ टक्के. ताशी १५ ने सरकणाऱ्या कोंडीत तोच १ किलोवॉट किलोमीटरमागे ६७ होतो, तर गाडी हलवायला ८० च्या आसपास लागतात. म्हणजे जवळजवळ निम्मी वीज गारव्यासाठी.

तरीही कोंडीत एसी बंद करून घामाघूम होण्यात अर्थ नाही. २० किलोमीटरच्या त्या रडतखडत प्रवासाला ८० मिनिटे लागली, तर एसीचा खर्च १.३ युनिट. घरच्या विजेला १० रुपये धरले तर १३ रुपये. आणि हायवेवर, जिथे रेंजची खरी चिंता असते, तिथे एसी बंद करून मिळतात फार तर दहा-बारा किलोमीटर. वेग १०० वरून ९५ केला तरी त्याहून थोडे जास्त मिळतात.

उन्हाळ्यात हा १ किलोवॉटचा आकडा कमी पडेल. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्यावर तापलेली गाडी थंड करताना पहिली काही मिनिटे एसी दुप्पट-तिप्पट वीज ओढतो. गाडी चार्जरला लावलेली असतानाच ॲपवरून एसी सुरू केला तर ही वीज बॅटरीतून न जाता भिंतीतून जाते. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये पाच विजेच्या गाड्यांची चाचणी घेतली. ३५ अंश सेल्सिअसला एसी लावून रेंज सरासरी १७ टक्के घटली. उणे ७ अंशांना हीटर लावून ४१ टक्के. आपल्याकडच्या उन्हाबद्दल कितीही तक्रार केली, तरी रेंजला खरा मार थंडीचा बसतो. शिकागो किंवा टोरंटोत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने इथल्या भावंडांचे रेंजचे आकडे हिवाळ्यात विसरलेले बरे.

किरकोळ आणि किरकोळ न वाटणारे

उरलेल्या सवयी एकाच मापाने मोजू. वेग ८०, मूळ रेंज २९० किलोमीटर.

टायरमधली हवा कमी होऊन त्यांचा रोध १० टक्क्यांनी वाढला, तर १० किलोमीटर गेले. दोन माणसे, म्हणजे दीडशे किलो वाढले, तर सपाटीवर तेवढेच, १०. वेग ताशी ३ किलोमीटरने कमी केला की पाहुण्यांचा खर्च भरून निघतो. कमी रोधाचे मूळ टायर झिजल्यावर साधे, स्वस्त टायर बसवले आणि रोध १ टक्क्याऐवजी १.२ टक्के झाला, तर २० किलोमीटर. तेही एका प्रवासापुरते नाहीत, टायर बदलेपर्यंत रोज. छतावरच्या कॅरियरने हवेचा रोध १५ टक्क्यांनी वाढवला, तर २२. सामान उतरवल्यावर कॅरियर तसाच ठेवला तरी खर्च चालूच राहतो.

समोरून ताशी २० चा वारा असेल तर? ६८ किलोमीटर. गाडी ८० ने चालते, पण हवेच्या लेखी ती १०० ने येते. तिला रस्त्यावरच्या काट्याशी घेणेदेणे नाही. पावसाळ्यात किनाऱ्याच्या बाजूने वाऱ्याला सामोरे जाताना रेंज अचानक का आटली, याचे उत्तर बहुतेकदा इथे असते, बॅटरीत नाही. वारा आपल्या हातात नाही, पण त्याची भरपाई करणारा वेग हातात आहे.

दिवे, संगीत, फोनचे चार्जिंग यांची काळजी सोडून द्यावी. १०० वॉटचे काही चालू ठेवले तर ८० च्या वेगाला किलोमीटरमागे सव्वा वॉट-तास. संपूर्ण बॅटरीत अडीच किलोमीटर.

कोणता आकडा पाहावा

या सगळ्यातून चालवताना पाहायचा आकडा ठरतो. ‘उरलेले किलोमीटर’ हा अंदाज असतो आणि तो मागे पाहून केलेला असतो. घाट चढल्यावर तो घाबरवतो, उतरल्यावर फसवतो. त्याऐवजी किलोमीटरमागे किती वॉट-तास जात आहेत तो आकडा स्क्रीनवर ठेवावा. काही गाड्या तो उलटा, म्हणजे एका युनिटात किती किलोमीटर, असा दाखवतात. बॅटरीचे टक्के आणि हा दर, एवढ्यावर पुढचे सगळे तोंडी गणित होते. ४० युनिटांच्या गाडीत १ टक्का म्हणजे ४०० वॉट-तास. दर १६० असेल तर टक्क्याला अडीच किलोमीटर. ७० किलोमीटर जायचे तर २८ टक्के हवेत आणि वारा, चढण किंवा बंद चार्जर यांच्यासाठी वर १० टक्के हातचे.

आणि हे गणित कधी करायचे तेही आकडेच सांगतात. रोज ४० किलोमीटर शहरात फिरणाऱ्याने कितीही बेफिकीर गाडी चालवली, किलोमीटरला २०० वॉट-तास घालवले, तरी दिवसाला ८ युनिट लागतात. बॅटरीचा पाचवा भाग. रात्री घरी लावली की सकाळी भरलेली. काटेकोर चालकाचे ५ युनिट लागतील. फरक ३० रुपयांचा, रेंजचा नाहीच. त्याने एसी हवा तेवढा लावावा आणि स्क्रीनकडे पाहूही नये. काटकसर लागते ती दीड-दोनशे किलोमीटरच्या पुढे. आणि तिथेही सल्ल्यांची लांबलचक यादी पाठ करायची गरज नाही. काटा १०० च्या आत ठेवायचा, पाय ब्रेकवर जाण्याआधी नजर पुढच्या सिग्नलवर न्यायची आणि रिकामा कॅरियर घरी ठेवायचा. बाकीचे सगळे मिळूनही या तीन गोष्टींइतके भरत नाहीत.